ठळक अक्षर आणि त्याच्या आतली जागा

सांगली

प्रिय मित्रा,

तुझी मसाल्याच्या पाकिटांची डिझाइन पाहिली. ‘हळद’ हा शब्द पॉपिन्स या फाँटच्या सगळ्यांत जाड वजनात (वजन म्हणजे अक्षराच्या रेघांची जाडी) घेतलास, हे फार आवडलं. ‘ळ’चे ते दोन भरदार गोल गणपती पेठेत रस्त्यापलीकडूनही नजरेत भरतील. पण मागच्या बाजूचा मजकूर, म्हणजे घटक, निव्वळ वजन, पत्ता, हेही अक्षराच्या त्याच वजनात घातलंस. ते मात्र बदल.

पॉपिन्ससारखं भौमितिक, म्हणजे गोल आणि सरळ रेघांवर बेतलेलं अक्षर नुसत्या कंपास-पट्टीने होत नाही. जर्मन अक्षररचनाकार पाउल रेनरचा फ्युचुरा हा असाच फाँट १९२७ साली आला. त्याचे गोल अगदी नेमके वाटतात, पण ते डोळ्यांसाठी सुधारलेले आहेत. आडवी रेघ उभ्या दांड्याइतकीच जाड काढली तर ती जास्त जाड भासते. गोल आणि दांडा जुळतात तिथे जाडी उतरवली नाही तर काळा डाग पडतो. म्हणून फ्लेक्सवाले करतात तसं अक्षर आडवं ताणू नकोस. ही सगळी कारागिरी एका ओढीत जाते. साध्या अक्षराला कडा लावून खोटा ठळकपणाही आणू नकोस. पॉपिन्समध्ये नऊ वजनं मुद्दाम काढलेली आहेत, त्यांतलं निवड.

देवनागरीत तर जास्तच जपावं लागतं. रोमन ‘ओ’ला एकच पोकळी असते. आपल्याकडे शिरोरेघा, गाठी, जोडाक्षरं, वर रफार, खाली उकार. वजन वाढलं की आतला पांढरा भाग आटतो. तुझ्या दुसऱ्या पाकिटावरचं ‘धने-जिरे पूड’ लहान आकारात छापून बघ. ‘ध’ ओळखू येतो तो शिरोरेघेतल्या फटीमुळे. ती बुजली की तिथे ‘घने’ वाचलं जातं. ‘भ’ आणि ‘म’चंही तेच. शिवाय प्लॅस्टिकवर शाई थोडी पसरतेच, म्हणजे पडद्यावर दिसणारी फट छापल्यावर आणखी अरुंद होणार. गडद रंगावर पांढरी अक्षरं असतील तर उलट होतं: शाई बाहेरून आत सरकते आणि अक्षर बारीक पडतं. तिथे जाड वजन खरंच उपयोगी.

चंद्रावर १९६९ साली ठेवलेल्या फलकावर फ्युचुराच आहे. मजकूर मोजका, सगळी कॅपिटल अक्षरं. अशा कामाला हा घाट शोभतो: नाव, भाव, पाटी, मथळा. परिच्छेदभर वाचायला दिला तर डोळे शिणतात.

आणखी एक. इंग्रजी मथळ्यात अक्षरं सुटी करतात, तसं मराठीत करू नकोस, शिरोरेघ तुटते. ओळींमध्ये मात्र ऐसपैस जागा सोड, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकेल.

मागचा मजकूर मध्यम वजनात घे आणि दोन्ही पाकिटं खऱ्या आकारात, त्याच प्लॅस्टिकवर छापून पाठव. पीडीएफ नको.

तुझा,
काका