लेक म्हणते, मुलांचा कॉयर चालवणार

डिचोलीहून एका आईचं पत्र आलंय. लेक बारावी आर्ट्‌सला आहे, लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकते, मध्यमा परीक्षा झालीय. पणजीतल्या एका कॉयरमध्ये, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या आवाजांत गाणाऱ्या गटात, गायला लागली आणि आता म्हणते, मला मुलांचा कॉयर चालवायचाय, त्यांच्यासाठी गाणी रचायचीत. बाबांचे दोन आक्षेप: यात पोट कसं भरणार, आणि हे चर्चमधलं संगीत, आपल्या मुलीला त्यात कोण उभं करणार? जाता जाता आईने विचारलंय, घरात पियानो घ्यावा का?

ताई, आधी बाबांचा दुसरा आक्षेप घेते, कारण तो लवकर निकालात निघतो. १९५८च्या सुमारास सलील चौधरींनी मुंबईत बॉम्बे यूथ कॉयर उभा केला, कोलकात्यात गायिका-अभिनेत्री रुमा गुहा ठाकुरतांनी कॅलकटा यूथ कॉयर. पुढे मल्याळम सिनेमाचे संगीतकार एम. बी. श्रीनिवासन यांनी मद्रास यूथ कॉयर घडवला आणि भारतीय भाषांतली गाणी त्याच्याकडून अनेक आवाजांत गाऊन घेतली. हे काही चर्चचे कॉयर नव्हते. आपल्या गोव्यातलंच पाहा. ख्रिस्ती घरांतल्या मांडो या कोकणी गाण्याला घुमट हे मातीचं वाद्य लागतं आणि गणेशचवथीच्या आरतीलाही घुमटच लागतं. आपलं-त्यांचं अशी वाटणी करायचीच तर आधी घुमट मधोमध कापावं लागेल!

पोटापाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. नुसत्या कॉयरवर घर चालवणारे फार थोडे. चर्चमधला कॉयर बहुधा सेवा म्हणून चालतो. मिळकत येते ती शाळांतल्या तासांतून, गाण्याच्या-पियानोच्या शिकवण्यांतून, लग्नासमारंभांतून, कधी एखाद्या रचनेच्या मानधनातून. म्हणजे तुमची लेक आधी शिक्षिका होणार आणि उरलेल्या वेळात रचनाकार. हे तिला आजच स्पष्ट सांगा. रचनांवरचे हक्क मात्र तिने जपावेत. आयपीआरएस ही संस्था गीतकार-संगीतकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करते. गाणी बाहेर वाजू लागली की तिथे सभासद व्हावं. आपल्याकडचे कलाकार हे कागद नेहमी उशिरा करतात.

आता प्रत्यक्ष काम. मंचावर हात हलवताना दिसतो तो त्यातला अगदी छोटा भाग. खरं काम तालमीत. तीस मुलं ‘आकाश’ म्हणतात आणि शेवटचा ‘श’ तीस वेगवेगळ्या क्षणी सोडतात, सभागृहभर फुसफुस. मग तो ‘श’ नेमका कुठल्या मात्रेवर सोडायचा ते ठरवायचं आणि तेवढाच शब्द पुन्हा पुन्हा घ्यायचा. त्यात तेरा-चौदाव्या वर्षी मुलग्यांचे आवाज फुटतात. जूनमध्ये वरच्या सुरात गाणारा मुलगा दिवाळीला खालचा सूरही धड लावू शकत नाही, आणि लाजून येणंच बंद करतो. यूथ कॉयरसाठी रचना करणाऱ्याने अशांसाठी चार-पाच सुरांत फिरणारी, तरीही गावीशी वाटणारी ओळ लिहायला हवी. मोठ्यांसाठी लिहिणाऱ्याला ही अडचण येत नाही. माझ्या मते मुलांसाठी लिहिणं जास्त अवघड आहे आणि त्याला मान कमी मिळतो.

तुमच्या लेकीचं रागाचं शिक्षण इथे उपयोगी पडेल आणि कधी कधी आडवंही येईल. भूप रागाचं उदाहरण घ्या. त्यात मध्यम-निषाद नाहीत. एकाच वेळी वाजणाऱ्या तीन सुरांची साधी संगती (कॉर्ड) म्हणाल तर सा-ग-प आणि ध-सा-ग, एवढ्या दोनच हाती लागतात. प-नि-रे घेतली की निषाद आला, आणि भूप गेला. मग रचना पुढे न्यायची कशी? कुणी खाली षड्जाचा आधार धरून ठेवतं, कुणी एकाच ओळीचे दोन आवाज थोड्या अंतराने सोडतं. हे कोडं तिला रात्रभर सोडवावंसं वाटत असेल तर ती योग्य वाटेवर आहे.

शिक्षणाचं म्हणाल तर गाणं सोडू देऊ नका. विशारद पूर्ण करावं. पदवीसाठी गोवा कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये हिंदुस्थानी गायनाचा पर्याय आहे. बाबांना जास्त खात्री हवी असेल तर पणजीत साधं बी.ए. आणि सोबत कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात पियानो आणि थिअरी. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या संगीत परीक्षा द्याव्यात. एबीआरएसएममध्ये प्रॅक्टिकलच्या सहाव्या ग्रेडआधी पाचवी ग्रेड थिअरी किंवा तिच्या बरोबरीची परीक्षा लागते, हे आधीच लक्षात ठेवा. तिला पियानोवादक व्हायचं नाहीये. स्टाफ नोटेशनमध्ये (पाश्चात्त्य स्वरलिपीत) लिहिलेल्या कॉयरच्या चारही आवाजांच्या ओळी एकत्र वाजवून ऐकता आल्या की पुरे. पुढे जमलंच तर हंगेरीत केचकेमेटला कोदाय इन्स्टिट्यूट आहे, मुलांना गायनातून संगीत शिकवण्याच्या पद्धतीसाठी नावाजलेलं. तिथला ‘दो’, म्हणजे दो-रे-मीमधला पहिला सूर, आपल्या ‘सा’सारखा पट्टीप्रमाणे सरकतो, त्यामुळे तिला ते परकं वाटणार नाही. पोर्तुगीज वळणाच्या सोल्फेजमध्ये, म्हणजे दो-रे-मीने सूर वाचण्याच्या पद्धतीत, ‘दो’ जागचा हलत नाही. गोव्यात शिकताना सुरुवातीला गोंधळ होईल, होऊ द्या.

निर्णयाआधी एक करून बघा. चवथीला वाड्यावरची दहा-बारा मुलं घेऊन तिला एक आरती दोन आवाजांत बसवू द्या. आरती कशी झाली याकडे फार लक्ष देऊ नका. चौथ्या तालमीला निम्मी मुलं दांडी मारतील, दोघं भांडतील, एक जण हमखास बेसूर असेल. त्या संध्याकाळी ती वैतागून घरी येते की बेसूर मुलाला कुठे उभं करायचं याचा विचार करत येते, ते पाहा. बाबांनाही तालमीला बसवा, प्रयोगाला नको.

पियानो आत्ता नको. आपल्या दमट हवेत तो सांभाळणं आणि वारंवार ट्यून करून घेणं परवडत नाही. कला अकादमीत प्रवेश झाला की ८८ पट्ट्यांचा, दाबायला जड पट्ट्या असलेला डिजिटल पियानो बघा. तोवर ६१ पट्ट्यांचा जुना कीबोर्ड मिळाला तरी चालेल. आणि घरात पेटी असेलच. त्यावर दुसरा आवाज वाजवत पहिला आवाज गाण्याचा सराव तिला आजच सुरू करता येईल.