सासूबाईंचा श्रावण पंधरा दिवस आधी लागतो

“सासूबाई तोंडावर कधीच काही बोलत नाहीत. विचारलं की सगळं चालतं म्हणतात, आणि मग चार दिवस गप्प. मी कितीही केलं तरी त्यांच्यासाठी परकीच. हे पुढे जमणार आहे का?”

दुसऱ्या भाषेच्या घरात लग्न करून गेलेल्या मुली समुपदेशनाला येतात तेव्हा थोड्याफार फरकाने हेच विचारतात. इथली मुलगी साताऱ्याची, मुलगा कानपूरचा, दोघंही पुण्यात नोकरीला, लग्नाला दीड वर्ष झालेलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, भांडणाचा गाभा तसाच ठेवला आहे.

घडलं ते असं. १८ जुलै २०२५ला सासूबाई मुलाकडे राहायला आल्या. २० तारखेचा रविवार म्हणजे गटारीचा रविवार. सासर कायस्थांचं, घरात एरवी मटण शिजतं, सासूबाई स्वतः उत्तम करतात. सुनेने आदल्या रात्री विचारलं, “मम्मी, संडे को मटन बनाऊँ?” उत्तर आलं, “जैसा तुम लोगों का मन हो.” सून सकाळी सातला मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभी राहिली, दोन किलो मटण आणलं, माहेरच्या पद्धतीचा रस्सा केला. जेवायच्या वेळी सासूबाई म्हणाल्या, “तुम लोग खाओ बेटा, मेरा आज मन नहीं है,” आणि दूध-केळं घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कढई पुन्हा घासली आणि आपली भाजी वेगळ्या पातेल्यात केली. परतीचं तिकीट तीन दिवस अलीकडे ओढलं. सुनेचा निष्कर्ष तयार होता: यांना माझ्या हातचं चालत नाही.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे घटना आणि अर्थ वेगळे करणं. नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून एकेक कागद दिला जातो. त्या दिवशी मोबाईलवर चित्रीकरण केलं असतं तर जे दिसलं आणि ऐकू आलं असतं, तेवढंच लिहायचं. सुनेच्या पहिल्या कागदावर “त्यांनी नाक मुरडलं” असं वाक्य होतं. नेमकं काय दिसलं? बराच विचार करून उत्तर आलं, “कुकर उघडला तेव्हा त्या उठून गॅलरीत गेल्या.” ही घटना. नाक मुरडणं हा तिने लावलेला अर्थ. कागदाच्या उजव्या बाजूला प्रत्येक घटनेचे निदान दोन अर्थ लिहायचे, आणि त्यातला एक तरी आपल्याला न पटणारा असला पाहिजे. इथे बहुतेक जण अडतात, कारण रागात असलेल्या माणसाला दुसरा अर्थ सुचत नाही. तो जोडीदाराने सुचवायचा.

नवऱ्याच्या कागदावर एक ओळ अशी होती जी सुनेच्या कागदावर नव्हतीच: “मम्मीचा सावन चालू होता.”

महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो. उत्तर प्रदेशात तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षाचं नाव दोन्हीकडे एकच, पण वद्य पक्षाला तिकडे पुढच्या महिन्याचं नाव मिळतं. म्हणून दिवाळी, होळी, जन्माष्टमी एकाच दिवशी येतात आणि फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. महिनाभर पाळायचं व्रत असलं की मात्र तो उघडा पडतो. २०२५ साली कानपूरचा श्रावण ११ जुलैला लागला आणि ९ ऑगस्टला संपला. पुण्या-साताऱ्याचा २५ जुलैला लागून २३ ऑगस्टला संपला. आपली गटारी त्यांच्या श्रावणाच्या ऐन मध्यावर पडते. वर्षभर मटण खाणारी ती बाई त्या महिन्यात कांदा-लसूणही खात नव्हती. सुनेच्या हिशेबाने श्रावण लागायच्या आत मटण करणं म्हणजे सासूबाईंचा मान. सासूबाईंच्या हिशेबाने श्रावणात मटण करून वर विचारायचं, म्हणजे मुद्दाम डिवचणं. (दोन्ही श्रावण पाळायचे ठरवले तर ११ जुलै ते २३ ऑगस्ट असे ४४ दिवस होतात, हे गणित नवऱ्याने तिथेच मांडलं. त्याला खरी चिंता तीच होती.)

आता प्रश्न उरतो की सासूबाईंनी सरळ सांगितलं का नाही. त्यांच्या मते सांगितलं होतं. १४ जुलैच्या सोमवारी फोनवर त्या म्हणाल्या होत्या, “सावन लग गया है.” सुनेने ते ऐकलं आणि श्रावण जवळ आला एवढाच बोध घेतला. दुसरं म्हणजे “जैसा तुम लोगों का मन हो” हा त्यांच्या घरात नकार असतो. मुलाच्या घरी पाहुणी म्हणून राहायचं आणि सुनेला तोंडावर नाही म्हणायचं, हे त्यांना उद्धटपणाचं वाटतं. साताऱ्याच्या घरात नको असेल तर “नको गं” म्हणतात आणि विषय संपतो.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ साली हा फरक मांडला होता: काही समाजांत अर्थ शब्दांत असतो, काहींत तो प्रसंग, नातं आणि न बोललेल्या गोष्टींत असतो. व्यवस्थापनाच्या वर्गांत ही मांडणी देशांना लेबलं लावण्यासाठी वापरली जाते, तशी ती इथे वापरू नये. मराठी माणूस स्पष्टवक्ता आणि उत्तरेकडचा गोडबोल्या, हा निष्कर्ष अगदी चुकीचा. हीच सून माहेरच्या काकूंशी आडवळणानेच बोलते, फक्त तिथली वळणं तिला पाठ आहेत. दोन प्रांतांपेक्षा दोन घरं समोरासमोर ठेवली तर काम लवकर होतं.

या प्रकरणात सगळ्यात महाग पडली ती नवऱ्याची मध्यस्थी. आईला तो म्हणाला, “उसको पता नहीं था,” म्हणजे बायको अडाणी ठरली. बायकोला म्हणाला, “मम्मी काही मनात ठेवत नाही,” जे तिला समोर खोटं दिसत होतं. दोन्ही वाक्यं भांडण मिटवण्यासाठी होती आणि दोन्हींनी ते वाढवलं. दोन्ही घरांचे नियम ठाऊक असलेला तो एकटाच. मटणाचं ठरत होतं तेव्हा तोंड उघडणं हे त्याचं काम होतं. प्रसंग घडून गेल्यावर केलेल्या खुलाशाला कुणी माहिती समजत नाही, बाजू घेणं समजतात.

त्यानुसार पुढची कामं वाटली गेली. सासूबाई यायच्या आठवडाभर आधी नवऱ्याने बायकोला चार गोष्टी सांगायच्या: उपवास आणि वर्ज्य काय, स्वयंपाकाची वेळ, कोण नातेवाईक भेटायला येतील आणि त्यांच्या हातात काय द्यायचं असतं, आणि कुठल्या गोष्टीला त्या नाही म्हणणार नाहीत पण ती त्यांना नको असते. आईला त्याने एवढंच सांगायचं की इथे पहिल्यांदा नको म्हटलं तर ताट उचललं जाईल, त्यात कुणाचा अपमान नाही. हे सांगणं एकतर्फी राहिलं तर सगळं जुळवून घेणं सुनेच्या गळ्यात पडतं, आणि वर्षभरात तीच पुन्हा समुपदेशनाला येते.

सुनेने प्रश्न विचारायची पद्धत बदलली. “मटन बनाऊँ?” या प्रश्नाला आधाराने राहणारा पाहुणा नाही म्हणू शकत नाही. “संडे को पनीर बनाऊँ या मटन?” असं विचारलं तर नकार न देता निवड करता येते. तरीही “जैसा मन हो” आलं, तर ते नाही समजायचं आणि साधा पदार्थ करायचा. ताटात वाढताना एकदा विचारून थांबायचं नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारायचं; लग्नाच्या पंगतीत जिलबीचा आग्रह आपणही करतोच. “क्यों” ने सुरू होणारे प्रश्न मात्र पहिले काही महिने टाळावेत, कारण ते जाब विचारल्यासारखे ऐकू येतात. “आपके यहाँ कैसे करते हैं?” याने तेच कळतं. आणि आईला ‘तू’ म्हणायची मराठी सवय हिंदीत आणायची नाही. “मम्मी, तू बैठ ना” यातली माया कानपूरला पोचत नाही, फक्त ‘तू’ पोचतो.

झाल्या प्रसंगाबद्दल सुनेने फोनवर बोलायचं ठरलं. वाक्यं दोनच: “मम्मी, हमारे यहाँ सावन पंद्रह दिन बाद लगता है, इसलिए मेरे ध्यान में नहीं आया. उस दिन घर में मटन बना, आपको अच्छा नहीं लगा होगा.” इथे थांबायचं. “लेकिन आपने भी बताया नहीं” हे तिसरं वाक्य जिभेवर येतंच, आणि ते आलं की पहिली दोन वाया जातात. “माझं सगळंच चुकतं” अशी सरसकट माफीही मागायची नाही, कारण मग समोरच्याला समजूत काढत बसावं लागतं आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. सासूबाई म्हणाल्या, “अरे, कोई बात नहीं.” यावरून काहीच ठरवायचं नसतं, ते शिष्टाचाराचं उत्तर. चारेक दिवसांनी त्यांनी आपणहून विचारलं, “तुम्हारे यहाँ कब तक चलता है?” तेव्हा कुठे गाठ सैल झाली असं म्हणता येतं.

सगळंच सुटलं नाही. पोळ्यावाल्या मावशी सकाळी साडेसातला बारा पोळ्या करून जातात आणि रात्रीही त्याच डब्यातून निघतात. सासूबाईंच्या घरात तव्यावरून थेट ताटात फुलका येतो. “हमारे यहाँ तो गरम-गरम खिलाते हैं” हा टोमणा आहे की नुसती आठवण, यावर नवरा-बायकोचं अजून एकमत नाही. तोडगा मात्र निघाला: त्या आल्या की सकाळीच थोडी कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवायची आणि रात्रीचे सहा फुलके मुलाने करायचे. आईला ते आवडलेलं नाही. मुलाने तव्यापाशी उभं राहणं तिला बघवत नाही. पण या मुद्द्यावर सुनेने मागे हटू नये असंच सांगितलं गेलं. सवयीचा मान राखायचा तर कष्ट वाटून घ्यावे लागतात, आणि दोघंही नोकरी करणाऱ्या घरात ते एकटीच्या अंगावर टाकायला रिवाज हे कारण पुरत नाही.

‘आमच्याकडे असंच असतं’ या वाक्याआड काहीही खपवलं जातं, म्हणून प्रत्येक प्रकरणात तीन गोष्टी तपासल्या जातात. नियम मुलगा, मुलगी आणि सून सगळ्यांना सारखा आहे का? शांतपणे विचारलं तर तो समजावून सांगितला जातो की आवाज चढतो? त्रास होतो असं सांगितल्यावर काही बदलतं का? तिन्हींची उत्तरं वाईट असतील तर त्याला सांस्कृतिक फरक म्हणत बसू नये. पैशाची किंवा वस्तूंची मागणी, पगार काढून घेणं, नोकरी सोडायला लावणं, माहेरच्यांना भेटू न देणं, हात उचलणं, यांच्यासाठी हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१चा आणि कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५चा आहे, महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. तिथे प्रश्न कसे विचारावेत हे शिकवणं म्हणजे त्या मुलीवर अन्यायच.

या जोडप्याला शेवटचं काम दिलं ते दिनदर्शिकेचं. कालनिर्णयवर दोन रंगांनी खुणा करायच्या. वटपौर्णिमेला वेगळी खूण हवी, कारण तिकडे वटसावित्री अमावास्येला असते. २०२५मध्ये ती २६ मेला झाली आणि आपली १० जूनला. २०२६चा हिशेब त्यांनी तिथेच बसून केला. सासूबाईंचा श्रावण ३० जुलै ते २८ ऑगस्ट, साताऱ्याचा १३ ऑगस्ट ते ११ सप्टेंबर, गणपती १४ सप्टेंबरला. गटारी १२ ऑगस्टच्या बुधवारी, म्हणजे पुन्हा त्यांच्या श्रावणाच्या मधोमध. सासूबाईंचं तिकीट गणपतीचं काढायचं, आणि गटारीचा रस्सा साताऱ्याला जाऊन खायचा, असं ठरलं.