कोल्हापुरात घरगुती उपकरणांचे दुकान काढत आहे. फौजी कुटुंबांना गिऱ्हाईक म्हणून कसे जोडावे? त्यांच्यासाठी खास सवलत ठेवावी का?

सवलतीचा फलक अवश्य लावा, परंतु तेवढ्याने गिऱ्हाईक जोडले जाईल असे मला वाटत नाही. आमच्या फौजी घरांत लष्करी कॅन्टीनचे, म्हणजे सैनिकांना सवलतीत वस्तू देणाऱ्या सरकारी दुकानांचे, भाव तोंडपाठ असतात. 1948 पासून चालत आलेल्या या व्यवस्थेत जीएसटीचा निम्मा भार सरकार सोसते, त्यामुळे किंमत आधी फुगवून मग सवलत देणारा दुकानदार आम्हाला लगेच ओळखू येतो.

मी गडहिंग्लज तालुक्यातील एका हवालदाराची पत्नी. यजमान नोकरीवर जैसलमेरला असताना मी वॉशिंग मशीन घेण्यासाठी राजारामपुरीतील एका दुकानात गेले होते. सोबत मोठे दीर होते, तेही स्वतःच्याच आग्रहामुळे. विक्रेता सगळे दिरांशीच बोलत राहिला. आमच्याकडे पाणी बोअरचे आणि जड, नळाला दाब नाही. म्हणून मला बादलीने पाणी ओतता येईल असे सेमी-ऑटोमॅटिक मशीन हवे होते. दिरांचे मन मात्र पुढे काचेचे दार असलेल्या मशीनवर जडले होते. शेवटी विक्रेता मला म्हणाला, “वहिनी, साहेब सुट्टीवर आले की त्यांना घेऊन या, मग पक्कं करू.” त्याच दुपारी मी लक्ष्मीपुरीतून मशीन घेतले, कारण तिथल्या दुकानदाराने आधी पाण्याचे विचारले आणि वॉरंटी कार्डावर माझा मोबाइल नंबर घातला. मेकॅनिकचा फोन जैसलमेरला जाऊन काय उपयोग?

कॅन्टीन सोडून बाहेर जास्त पैसे मोजणे हा मूर्खपणा होता, असे दीर आजही चारचौघांत सांगतात. कॅन्टीनमधून मोठी वस्तू घ्यायची म्हणजे अर्ज, मंजुरी, पैसे भरणे, मग वितरकाकडून ताबा. त्यासाठी मुलांची शाळा आणि गोठा सांभाळून कोल्हापूरचे हेलपाटे कोणी घालायचे, याचे उत्तर त्यांनी अद्याप दिलेले नाही. आपले दुकान चालेल ते नेमके या हेलपाट्यांच्या जागी: वस्तू गावात पोचवून, बसवून आणि बिघडल्यावर माणूस पाठवून.

जवानाला वर्षाकाठी 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा असते, आणि ती गणपती, गावची जत्रा किंवा घरातले लग्न पाहून तुकड्यांनी घेतली जाते. त्या दिवसांत माल तयार ठेवा. निवृत्तीच्या वेळी निम्म्यापर्यंत पेन्शन विकून, म्हणजे तिच्या बदल्यात एकरकमी पैसे घेऊन, आलेल्या रकमेवर मात्र डोळा ठेवू नका. चाळिशीत घरी परतलेल्या माणसाच्या दारात प्लॉटवाले आणि विमावाले आधीच उभे असतात.

हे सर्व जवान आणि हवालदारांच्या गावाकडील घरांविषयी झाले. छावणीत राहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबांची खरेदी निराळी असते. 2022 पासून चार वर्षांसाठी भरती होणारे अग्निवीर तर बहुतेक अविवाहित, त्यामुळे तिथे खरेदी बहुधा आईच ठरवते. तिच्यासोबत तिचे दीर आलेच, तर त्यांना चहा द्या आणि भाव तिला सांगा.