सहीची जुनी बेसबॉल कार्डं: पहिलं कार्ड घेण्याआधी

सुरुवातीलाच मिकी मँटलसारख्या दिग्गज खेळाडूच्या कार्डामागे लागू नका. 1950-60च्या दशकांतल्या साध्या खेळाडूंची टॉप्स कार्डं (टॉप्स कंपनीने छापलेली, खेळाडूचं चित्र असलेली कार्डं) घ्या. नकली सही करणाऱ्याला त्यांत फारसा नफा नसतो, आणि तुमची नजर मात्र तयार होते.

सही बघण्याआधी तारखा जुळवा. बेसबॉलपटू रॉबर्तो क्लेमेंते 31 डिसेंबर 1972ला विमान अपघातात गेला. त्याचं 1973चं टॉप्स कार्ड त्यानंतर आलं, म्हणजे त्यावरची प्रत्येक सही खोटीच. शार्पी हे मार्कर पेन 1964 साली बाजारात आलं. 1948ला वारलेल्या बेब रूथ या खेळाडूची शार्पीतली सही दिसली, तर पुढे बघायचं कारणच नाही.

कार्डही मोजा. 1952चं मूळ टॉप्स कार्ड 2⅝ बाय 3¾ इंच असतं. 1983ची पुनर्मुद्रित आवृत्ती लहान, 2½ बाय 3½ इंच.

मग भिंगाखाली शाई. खऱ्या सहीत हात वेगाने फिरतो आणि रेघेची टोकं निमुळती होत जातात. गिरवलेल्या सहीत रेघ थरथरते, मध्येच थांबते, आणि थांबल्या जागी शाईचा ठिपका साचतो. क्लबहाउसमधल्या (संघाच्या खोलीतल्या) पोऱ्यानं किंवा सेक्रेटरीनं खेळाडूच्या नावानं केलेली सही मात्र सफाईदार असते. ती फक्त खात्रीच्या नमुन्यांशी ताडूनच पकडता येते, म्हणून महाग कार्ड पीएसए, जेएसए किंवा बेकेट या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊ नका. प्रमाणपत्राचा क्रमांक त्यांच्या साइटवर टाकून तिथलं वर्णन हातातल्या कार्डाशी जुळवा. प्रमाणपत्राचे स्टिकरही बनावट निघतात.

फिकट सही कधीही गिरवू नका. कार्ड आधी मऊ स्लीव्हमध्ये (प्लास्टिकच्या पातळ पाकिटात), मग टॉपलोडरमध्ये (प्लास्टिकच्या कडक पाकिटात), उन्हापासून लांब ठेवा.