पायथन पाण्यात का बसून राहतो?

प्रश्न : नमस्कार. आम्ही टोरांटोजवळ राहतो. मुलाच्या हट्टापायी घरात बॉल पायथनचं पिल्लू आलंय. काचेच्या टँकखाली हीट मॅट लावलीय, थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला मॅट आपोआप बंद-चालू करणारं यंत्र) नाही घेतला, दुकानदार म्हणाला एवढ्याशा मॅटला कशाला हवाय. आत वरच्या बाजूला चिकटवलेलं काट्याचं थर्मामीटर २६ दाखवतं, म्हणजे गारच आहे ना? पण हा पठ्ठ्या दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून असतो आणि तीन आठवडे उंदराला तोंड लावलेलं नाही. अजून मोठी मॅट आणू का?

उत्तर : अजिबात नका आणू! उलट आहे ती मॅट आत्ताच बंद करा आणि थर्मोस्टॅट येईपर्यंत चालू करू नका, तोवर खोलीचं हीटिंग थोडं वाढवून ठेवा. मॅट हवा फारशी तापवत नाही, ती खालची काच तापवते, त्यामुळे वरचा काटा २६ वर आणि खाली तळ ४०-४५ च्या पुढे असं सहज होतं. साप पाण्यात बसतो तो बऱ्याचदा याच चटक्यापायी (भांड्याच्या तळाशी बारीक काळे ठिपके दिसले तर मात्र माइट्स, म्हणजे सापाच्या अंगावरचे रक्त पिणारे बारीक किडे, तेही बघा). आणि पोटाखालचे खवले लालसर, तपकिरी किंवा फोड आल्यासारखे दिसले तर घरगुती मलमं नकोत, सरळ सरपटणाऱ्या प्राण्यांच्या व्हेटकडे.

मूळ मुद्दा असा की सापाला एकच तापमान नको असतं, एक टोक उबदार नि एक थंड हवं, म्हणजे तो आपलं आपण सरकत राहतो. बॉल पायथनला उबदार टोकाला ३१-३२ अंश, थंड टोकाला २५-२६. म्हणून मॅट एकाच बाजूला, तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली, आणि टँक थोडा उचललेला, नाहीतर उष्णता खाली कोंडते. दोन्ही टोकांना लपायला जागा द्या, नाहीतर घाबरून तो एकाच बाजूला पडून राहील.

थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग, मॅट आणि काच यांच्या मधे, बाहेरून पक्का करा. आत ठेवला तर साप हलवतो, वर पाणी सांडतं, आणि गार पडलेला प्रोब मॅटला 'अजून तापव' म्हणत राहतो. आत सेलोटेप तर चुकूनही नको, अंगाला चिकटली की कातडी सोलून निघते. मग आतली माती बाजूला सारून काचेवर टेम्परेचर गनने मोजा नि सेटिंग कमीजास्त करा. ते काट्याचं थर्मामीटर टाकून द्या हो, प्रोबवाली डिजिटल घ्या दोन. मॅटवर मातीचा जाड थरही नको, साप उकरून थेट तापलेल्या काचेवरच जाऊन बसतो.

आता टोरांटोचा हिवाळा. खोली २० वर असेल तर नुसत्या मॅटने भागणार नाही, वरून सिरॅमिक हीट एमिटर (उजेड न देता नुसती उष्णता देणारा बल्ब) लागेल, होल्डरही सिरॅमिकचाच, बल्बला जाळी आणि त्यालाही वेगळा थर्मोस्टॅट. रात्रीसाठी लाल बल्ब मिळतात, त्यात पैसे घालू नका, रात्री अंधारच हवा. हीट रॉक (विजेवर तापणारा नकली दगड) तर फुकट मिळाला तरी नको. वरच्या उष्णतेने हवा कोरडी पडते, तेव्हा आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास आहे ना बघत राहा.

खाण्याची घाई नको. अंगात ऊब नसेल तर गिळलेलं पचत नाही, उलटून पडतं. तापमान स्थिर झालं की आठवडाभर हात न लावता राहू द्या, मग उंदीर द्या. दर आठवड्याला वजन करा, पिल्लाचं वजन घटत राहिलं तर वाट न बघता व्हेट.