सेकंड हँड मर्सिडीज घेतली. आता विमा कंपनी 24,780 रुपये जादा मागते

प्रश्न : मी कोल्हापूरचा व्यावसायिक. पाच आठवड्यांपूर्वी पुण्याच्या एका गृहस्थांकडून 2021 ची मर्सिडीज ई-क्लास, 1950 सीसी डिझेल, 33 लाखांना घेतली. आरसी (गाडीचे नोंदणीपत्र) माझ्या नावावर झाली. विम्याचे सात महिने अजून शिल्लक आहेत, ते किमतीत धरलेलेच होते. पॉलिसी नावावर करायला गेलो तर कंपनी 24,780 रुपये मागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 प्रमाणे विमा आपोआप नव्या मालकाकडे येतो, असे मी वाचले होते. मग हे पैसे कशाचे? एजंट म्हणतो, भरू नका, नवीन पॉलिसी काढू आणि आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, 34 लाखांवरून 24 लाखांवर आणू, हप्ता उतरेल. दरम्यान पार्किंगमध्ये मागचा बंपर आणि दिवा फुटला. त्याचा क्लेम जुन्या मालकाच्या नावाने टाकू, असेही तो सुचवतो. लग्नसराईत गाडी भाड्याने मागणारेही येतात. माझी आधीची होंडा सिटी दहा महिन्यांपूर्वी विकली; तिच्यावर पाच वर्षांत एकही क्लेम नव्हता. काय करावे?

उत्तर : कंपनीची मागणी कायदेशीर आहे. तरीही ते पैसे न भरता सुटण्याचा एक सरळ मार्ग तुमच्याकडे आहे. तो पुढे सांगतो. पण त्याआधी एक निकडीची गोष्ट : आज या घडीला तुमच्या 33 लाखांच्या गाडीला चोरी, आग, अपघात, पूर यांपैकी कशाचेही संरक्षण नाही.

कलम 157 तुम्ही बरोबर वाचले आहे, पण त्याचा आवाका मर्यादित आहे. मालकी बदलली की आपोआप येतो तो फक्त थर्ड पार्टी विमा, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई. तो आजही लागू आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग, ज्याला सगळे ‘ओन डॅमेज’ म्हणतात, तो कंपनी आणि पुण्याच्या गृहस्थांमधला खासगी करार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ‘कम्प्लीट इन्सुलेशन्स विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स’ या खटल्यात हे स्पष्ट केले आहे. तुम्ही नवीन प्रपोजल फॉर्म, विक्रीचा पुरावा आणि जुन्या मालकाची संमती दिली आणि कंपनीने ती स्वीकारली, तरच तो करार तुमच्याशी होतो. कंपनीला कळवण्यासाठी कायद्याने 14 दिवस दिलेले आहेत. ते उलटले असले तरी अर्ज करता येतो, मात्र संरक्षण पुढच्या तारखेपासून मिळेल, मागच्या नाही.

आता 24,780 चा हिशेब. तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीत ओन डॅमेजचा मूळ हप्ता 72,000 रुपये आहे आणि त्यावर 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे 36,000 रुपयांची सूट. हा बोनस गाडीचा नसतो, तो मालकाच्या सांभाळून चालवण्याचा असतो. गाडी विकली की तो विकणाऱ्याबरोबर जातो. म्हणून उरलेल्या सात महिन्यांची सूट, 21,000 रुपये, कंपनी परत मागते. त्यावर 18 टक्के जीएसटी 3,780. आकडा तंतोतंत जुळतो.

पण हाच नियम तुमच्याही बाजूने आहे. होंडा सिटीवर पाच वर्षे क्लेम नव्हता, म्हणजे 50 टक्के बोनस तुम्ही स्वतः कमावलेला आहे. जुनी गाडी विकल्यापासून तीन वर्षांच्या आत तो दुसऱ्या खासगी गाडीला लावता येतो. सिटीच्या विमा कंपनीकडे आरसी हस्तांतराचा पुरावा देऊन बोनस राखून ठेवल्याचे पत्र मागा. ते मिळाले की मर्सिडीजसाठी तुमच्या नावाने नवी पॉलिसी काढा आणि जुन्या मालकांना त्यांची पॉलिसी रद्द करायला सांगा. त्या वर्षात क्लेम झालेला नसेल तर उरलेल्या मुदतीचा हप्ता प्रमाणात परत मिळतो. तो परतावा त्यांच्या खात्यात जाईल. विम्याचे सात महिने तुम्ही किमतीत मोजले असल्याने तो तुम्हाला देण्याबद्दल त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्या.

आकड्यांत : आयडीव्ही तीच ठेवून नवीन वर्षाचा ओन डॅमेज 36,000, थर्ड पार्टी 7,897, वर जीएसटी, मिळून साधारण 51,800 रुपये. परतावा कराशिवाय 25,600 च्या आसपास. म्हणजे निव्वळ 26,200 रुपयांत बारा महिने. कंपनी मागते त्या 24,780 मध्ये सातच. अ‍ॅड-ऑन, म्हणजे जादा पैसे देऊन घ्यायची जोड-संरक्षणे, यात धरलेले नाहीत. जुनी पॉलिसी रद्द होण्याआधी नवी चालू झालेली असू द्या; मध्ये एका दिवसाचीही फट नको.

आता एजंटच्या 24 लाखांकडे येऊ. मला सगळ्यात जास्त काळजी याच सल्ल्याची वाटते, कारण हा सल्ला सर्रास दिला जातो आणि महागड्या गाड्यांच्या मालकांना तो सर्वाधिक महागात पडतो. आयडीव्ही म्हणजे गाडीची विम्यापुरती धरलेली किंमत. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या यादीतील किमतीतून वयानुसार घसारा वजा होतो. पाचव्या वर्षात तो 50 टक्के असतो. तुमच्या मॉडेलची यादीतील किंमत 68 लाख, म्हणून 34 लाख. ती 24 वर आणली तर तुमच्या दराने 21,000 रुपये वाचतात, बोनस वजा जाता साडेदहा हजार. गाडी चोरीला गेली तर दहा लाख गेले, हे कुणालाही दिसते. न दिसणारी गोष्ट वेगळीच आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांपुढे गेला की गाडी ‘टोटल लॉस’, म्हणजे दुरुस्तीपलीकडची, धरली जाते. 34 लाखांवर ती मर्यादा साडेपंचवीस लाख येते, 24 लाखांवर फक्त 18 लाख. म्हणजे वीस लाखांत पूर्ववत होणारी गाडी तुमच्या हातून जाईल आणि 24 लाख घेऊन तुम्ही तशीच गाडी बाजारात शोधत फिराल. आलिशान गाडीचे हेडलाइट, सेन्सर, एअरबॅग आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचे दर पाहता एका मोठ्या धडकेत 18 लाखांचा आकडा गाठणे अवघड नाही.

हप्ता कशाने वाढतो याबद्दल बराच गैरसमज आहे. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते आणि तो इंजिनच्या क्षमतेवर असतो : 1500 सीसीच्या पुढे 7,897 रुपये, मग गाडी इनोव्हा असो वा कोटीची. फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये, आणि तिथे 2007 पासून प्रत्येक कंपनीला स्वतःचा दर लावायची मोकळीक आहे. आयडीव्ही, वय, क्लेमचा इतिहास आणि सुट्या भागांची किंमत यांवर तो हलतो. तुमची गाडी चाकणला जुळवलेली असली तरी बरेच भाग बाहेरून येतात. पूर्ण आयात केलेल्या गाडीचे तर विचारूच नका. गाडीची नोंद कुठे आहे तेही पाहतात : मुंबई-पुणे ‘अ’ विभागात, कोल्हापूर ‘ब’ विभागात, आणि ‘ब’चा दर कमी. आरसीवर कोल्हापूरचा पत्ता आलेला असेल तर ते कोटेशन घेताना सांगा. चार कंपन्यांकडून घ्या, पण आयडीव्ही, अ‍ॅड-ऑन आणि स्वतः सोसायची रक्कम सगळीकडे सारखी ठेवून. नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

पैसे वाचवायचेच असतील तर किल्ली हरवल्याचे किंवा टायरचे अ‍ॅड-ऑन सोडा. झिरो डेप्रिसिएशन सोडू नका. ते नसेल तर प्लास्टिक आणि रबराचे भाग, बॅटरी, एअरबॅग यांच्यावर निम्मी रक्कम कापली जाते. पाच वर्षांनंतर ते प्रत्येक कंपनी देत नाही, म्हणून आताच विचारा. आणि इंजिन प्रोटेक्शन घ्याच. 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै कोल्हापूरकराला सांगायला नको. पुराच्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला गेल्याने इंजिन बसले, तर साध्या पॉलिसीत ते नुकसान नाकारले जाते.

बंपरचा क्लेम जुन्या मालकाच्या नावाने टाकू नका. आरसी तुमच्या नावावर आहे, त्यामुळे ते खोटे निवेदन ठरेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीचा गुन्हा तुमच्याबरोबर त्या गृहस्थांवरही येऊ शकतो. दुरुस्ती स्वखर्चाने करा, बिल जपा. नव्या पॉलिसीआधी तपासणी होईल तेव्हा काही लपवू नका. प्रपोजल फॉर्म एजंटकडून भरून घेतला तरी सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा, कारण वाद झाला की कोर्टात तोच कागद समोर येतो.

लग्नासाठी भाड्याने देणे पूर्ण बंद. भाच्याच्या वरातीला विनामोबदला दिली तर हरकत नाही, पण पैसे घेतले की खासगी पॉलिसीची अट मोडते, आणि परवान्याशिवाय वाहतूक केल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम 192अ खाली पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अशा प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने 2008 आणि 2010 मध्ये विमा कंपनीला क्लेमच्या 75 टक्के रक्कम द्यायला लावली आहे, पण तिथवर पोचायला मालकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले.

नवीन पॉलिसीवर पुढे कधी क्लेम अडला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, पण आदेशाची मर्यादा 50 लाख. दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आयोगाचे अधिकारक्षेत्र मागितलेल्या भरपाईवर नाही, तर मोजलेल्या मोबदल्यावर ठरते, आणि विम्यात मोबदला म्हणजे हप्ता. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही तरतूद वैध ठरवली. त्यामुळे 34 लाखांचा दावासुद्धा कोल्हापूरच्या जिल्हा आयोगातच, फी न भरता दाखल होतो. मुदत दोन वर्षांची आहे.

सिटीच्या विमा कंपनीला बोनसच्या पत्रासाठी आजच ई-मेल करा. पत्र हाती येईपर्यंत गाडी शक्यतो गॅरेजमध्येच राहू द्या.