प्रश्न तुमचे : क्वालालंपुरात एका रात्रीचा मुक्काम

बाली, व्हिएतनाम किंवा थायलंडला जाताना क्वालालंपुरात विमान बदलायचं आणि मधली रात्र कुठं तरी स्वस्तात काढायची, याविषयी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून बरीच पत्रं आली आहेत. त्यातले सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. बँकॉकविषयीचा एक प्रश्नही घेतला आहे.

प्रश्न : बंगळूर ते क्वालालंपूर आणि तिथून बाली अशी दोन वेगवेगळी तिकिटं काढली आहेत. क्वालालंपुरात रात्री साडेआठला उतरतो, पुढचं विमान सकाळी साडेसातला आहे. शहरात हॉटेलं फार स्वस्त दिसतात. मग विमानतळावरची महाग खोली कशाला घ्यायची? (टिळकवाडी, बेळगाव)

खोलीचा दर रात्रीचा दिसतो, पण झोपायला मिळतात ते तास मोजा. क्वालालंपूरचा विमानतळ शहरात नाही, ५० किलोमीटरहून जास्त लांब, सेपांगला आहे. साडेआठला उतरलात की इमिग्रेशन आणि बॅगा यात तास-दीड तास जातो. टर्मिनल २ वरून केएल सेंट्रलला, म्हणजे शहरातल्या मुख्य स्टेशनला, जाणारी एक्स्प्रेस रेल्वे ३३ मिनिटं घेते, माणशी ५५ रिंगिट (मलेशियाचं चलन). गाडीची वाट पाहणं आणि स्टेशनपासून हॉटेलपर्यंतची पायपीट धरली तर खोलीत पोचेपर्यंत अकरा वाजतात. सकाळी साडेसातच्या आंतरराष्ट्रीय विमानासाठी साडेचारच्या सुमाराला काउंटरवर हवं. पहाटे पाचची गाडी धरून तिथवर वेळेत पोचण्याचा भरवसा नाही, म्हणजे साडेतीनला टॅक्सी. झोप चार तासांची, आणि दोघांचं रेल्वेभाडं व टॅक्सी मिळून स्वस्त खोलीत वाचलेले पैसे केव्हाच संपलेले असतात. दोन विमानांत बारा तासांहून कमी अंतर असेल आणि मधे रात्र असेल, तर विमानतळ सोडू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. दिवस असेल तर गोष्ट वेगळी.

एअर एशियाची विमानं टर्मिनल २ वरून सुटतात. तिथं कॅप्सूल पद्धतीचं, म्हणजे एकावर एक रचलेल्या, झोपण्यापुरत्या छोट्या कप्प्यांचं निवासस्थान आहे, ते ३, ६ किंवा १२ तासांच्या हिशेबानं मिळतं. बुकिंग करताना ‘लँडसाइड’ आणि ‘एअरसाइड’ हे दोन शब्द नीट पाहा. लँडसाइड म्हणजे इमिग्रेशन पार करून बाहेर आल्यावरचा भाग, एअरसाइड म्हणजे आतला. तुमची तिकिटं वेगवेगळी असल्यामुळं बॅग बंगळूरहून थेट बालीला जाणार नाही. ती क्वालालंपुरात पट्ट्यावरून उचलून दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यावी लागेल. म्हणजे मलेशियात रीतसर प्रवेश करावाच लागतो आणि खोली लँडसाइडच हवी. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असतील आणि बॅग पुढं पाठवली असेल, तर बाहेर न येता एअरसाइडला झोपता येतं.

प्रवेश करायचा म्हणून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, मलेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर, फुकट. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नव्हेत. भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर झालेली आहे, त्यानंतरच्या प्रवासासाठी नवा नियम पाहून घ्या. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी आणि पुढच्या तिकिटाची छापील प्रत हाताशी ठेवा, बंगळूरच्या काउंटरवरच ती मागतात.

‘विमानतळाजवळ’ अशी जाहिरात करणारी काही हॉटेलं आठ-दहा किलोमीटरवर असतात. तिथं चालत जाता येत नाही. त्यांची गाडी किती वाजेपर्यंत आहे, फुकट की माणशी पैसे, आणि पहाटे चारला सोडते का, हे लिहून विचारा. आणि टर्मिनल कुठलं ते सांगा. टर्मिनल १ आणि २ चालत जोडलेले नाहीत, मधे रेल्वेनं तीन मिनिटं लागतात, भाडं २ रिंगिट.

जाता जाता : सांबऱ्याहून बंगळूरचं विमान हे तुमचं तिसरं वेगळं तिकीट असेल. ते उशिरा सुटून पुढचं चुकलं तर भरपाई कुणी देत नाही. रात्रीच्या परदेशी विमानासाठी आदल्या संध्याकाळची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस रेल्वे धरली तर सकाळी बंगळुरात असता आणि अख्खा दिवस हाताशी राहतो.

प्रश्न : आमचं विमान १८ तारखेला रात्री १२.४० ला क्वालालंपुरात उतरतं. हॉटेल १८ तारखेचं घ्यायचं ना? (खानापूर)

नाही, १७ चं. यात सर्वांत जास्त लोक फसतात. हॉटेलची १८ ची रात्र १८ च्या दुपारी दोन-तीनला सुरू होते. तुम्हाला उतरल्या उतरल्या झोपायचं आहे, म्हणजे १७ ला येऊन १८ ला सोडणार, असं बुकिंग हवं. मात्र अरायव्हल कार्डावर उतरण्याची तारीख १८ च लिहा. दोन ठिकाणी दोन तारखा, आणि दोन्ही बरोबर.

बुकिंग झाल्यावर हॉटेलला लगेच निरोप पाठवा की आम्ही पहाटे दोन-अडीचला पोचणार. मध्यरात्रीपर्यंत आला नाहीत तर काही छोटी हॉटेलं ‘आलेच नाहीत’ म्हणून खोली दुसऱ्याला देतात आणि पैसेही परत करत नाहीत. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. मलेशिया आपल्यापेक्षा अडीच तास पुढं आहे.

उलट सकाळी सहाला उतरणाऱ्यांनी आदल्या रात्रीचे पैसे भरायची गरज नाही. तीन किंवा सहा तासांची खोली घेऊन अंघोळ-झोप उरकावी, बॅगा हॉटेलच्या स्वागतकक्षात ठेवाव्यात. बहुतेक ठिकाणी त्या फुकट ठेवून घेतात.

प्रश्न : आईचं वय ६८, गुडघे दुखतात. कॅप्सूलमध्ये जमेल का? (वडगाव, बेळगाव)

खालची कॅप्सूल मिळाली तर जमेल. वरच्या कॅप्सूलला शिडी असते, ती गुडघेदुखीच्या माणसानं चढू नये. आत बसता येतं, उभं राहता येत नाही. संडास-न्हाणीघर सामाईक आणि थोडं चालून असतं, रात्री दोन-तीनदा उठावं लागत असेल तर याचा विचार करा. कॅप्सूलचं तोंड बऱ्याचदा नुसत्या पडद्यानं किंवा गुंडाळून वर जाणाऱ्या झापेनं बंद होतं, शेजारचा गजर ऐकू येतो. बायकांचा विभाग वेगळा मागता येतो, पण मग मुलगा बरोबर असला तर तो दुसऱ्या विभागात जाईल. आमचा सल्ला : आईसाठी स्वतंत्र न्हाणीघराची साधी खोली घ्या, पैशाची काटकसर दुसरीकडं करा. टर्मिनल २ मध्ये चालणं पुष्कळ आहे, व्हीलचेअर विमान कंपनीकडं निदान दोन दिवस आधी नोंदवा.

प्रश्न : बुकिंगच्या वेळी पूर्ण पैसे भरले, तरी हॉटेलात आणखी मागतात असं ऐकलं. खरं आहे का? (संकेश्वर)

खरं आहे, आणि ती फसवणूक नव्हे. परदेशी पाहुण्याला मलेशियात पर्यटन कर द्यावा लागतो, खोलीमागे दर रात्री १० रिंगिट. माणसामागे नाही. बुकिंगच्या रकमेत तो धरला नसेल तर काउंटरवर घेतात, पावती मागा.

दुसरी रक्कम अनामतीची, स्वस्त हॉटेलात साधारण ५० ते १०० रिंगिट. रोख दिली तर खोली सोडताना रोख परत मिळते. पहाटे चारला निघणार असाल तर आदल्या रात्रीच सांगून ठेवा, कारण त्या वेळी काउंटरवर एकटा माणूस असतो आणि गल्ल्याची किल्ली त्याच्याकडं असेलच असं नाही. अनामत डेबिट कार्डावर देऊ नका. खात्यातून पैसे खरोखर अडकतात आणि सुटायला कित्येक दिवस लागतात. क्रेडिट कार्डावर फक्त मर्यादा अडकते.

भारतात दिलेल्या कार्डांवर परदेशी व्यवहार आपण सुरू केल्याशिवाय चालत नाहीत. बँकेच्या ॲपमधून ते घरी असतानाच सुरू करा. टॅक्सीसाठी ग्रॅब ॲपही इथंच नोंदवून ठेवा, ओटीपी भारतीय नंबरवर येतो. काउंटरवरचं यंत्र ‘रुपये की रिंगिट’ असं विचारेल तेव्हा रिंगिट निवडा. रुपये निवडले की दर दुकानदाराच्या बँकेचा लागतो, आणि तो महाग असतो.

प्रश्न : परतीच्या वाटेवर दोन रात्री शहरातच राहणार आहोत. स्वस्त हॉटेल कुठं पाहावं आणि खोलीत काय तपासावं? (चिकोडी)

केएल सेंट्रलला लागून ब्रिकफील्ड्स आहे, तिथं पाहा. विमानतळाची रेल्वे आणि बस दोन्ही तिथं येतात, दक्षिण भारतीय खाणावळी आहेत. बसला तासभर लागतो, पण भाडं रेल्वेपेक्षा बरंच कमी. बुकित बिनतांगजवळची, विशेषतः जालान अलोरच्या खाऊगल्लीवरची खोली झोपेसाठी घेऊ नका, रस्ता मध्यरात्रीनंतरही जागा असतो.

स्वस्त खोलीच्या वर्णनात ‘नो विंडो’ लिहिलेलं असतं. एका रात्रीला हरकत नाही, उलट अंधार आणि शांतता मिळते. दोन रात्रींना मात्र खिडकीचीच घ्या. तिथल्या दमट हवेत बंद खोलीत ओले कपडे वाळत नाहीत आणि कुबट वास धरतो. दार उघडताच असा वास आला किंवा एसीखाली भिंतीवर पाण्याचा ओघळ दिसला, तर बॅग न उघडता खाली जाऊन दुसरी खोली मागा. सामान पसरल्यावर मागितली तर देत नाहीत.

मग ढेकूण. बॅगा आधी न्हाणीघरातल्या फरशीवर ठेवा, पलंगावर नाही. मोबाइलचा दिवा लावून चादर डोक्याकडच्या दोन्ही कोपऱ्यांत उचला आणि गादीची शिवण बोटानं उलटून पाहा. शाईचे ठिपके पडल्यासारखे काळे बारीक डाग किंवा फिकट तपकिरी टरफलं दिसली तर ती ढेकणांची खूण. पलंगाच्या डोक्याकडची फळी आणि भिंत यांमधली फटही बघा. डाग दिसले तर फोटो काढा आणि दुसरी खोली घेताना शेजारची किंवा वरखालची घेऊ नका, ढेकूण भिंतीतल्या फटींतून आणि वायरच्या नळ्यांतून तिकडं गेलेले असतात.

न्हाणीघरात भिंतीवर छोटा तात्काळ गिझर असतो. गरम पाणी येत नसेल तर बाहेरचं त्याचं बटण बंद असतं, किंवा नळ फार बारीक सोडलेला असतो. धार पुरेशी नसेल तर तो पेटतच नाही. तरीही चालला नाही तर काउंटरवर सांगा, डबी उघडू नका. संडासात पाण्याचा फवारा बहुतेक ठिकाणी असतो, ती चिंता नको.

दाराजवळच्या खाचेत कार्ड घातलं की वीज सुरू होते आणि काढलं की सगळं बंद, चार्जिंगसुद्धा. दोघं असाल तर दुसरं कार्ड मागून घ्या. पिना तीन चपट्या, ब्रिटिश पद्धतीच्या. आपली गोल पिनांची प्लग बसत नाही, ॲडॉप्टर इथूनच घ्या. पॉवर बँक केबिनच्या बॅगेतच ठेवायची, त्यावरचा क्षमतेचा आकडा वाचता यायला हवा.

प्रश्न : आम्ही जैन, सूर्यास्तानंतर जेवत नाही. तिथं कसं जमवावं? (बोरगाव)

तिथं सूर्य वर्षभर संध्याकाळी सात ते साडेसातच्या दरम्यान मावळतो, त्यामुळं पावणेसातच्या आत जेवण उरकता येतं. ब्रिकफील्ड्समध्ये शाकाहारी खाणावळी आहेत, कांदा-लसूण वगळायचं मात्र प्रत्येक पदार्थाला विचारूनच ठरवा. मलय पदार्थांपासून सांभाळा. ‘भाजी आहे’ असं सांगितलं तरी तिखटात बेलाचान, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचं वाटण असतं. नासी लेमाकच्या भातावर तळलेले बारीक मासे येतात. घरचं म्हणाल तर मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, जाड पोहे, दशम्या आणि गोकाकचा करदंट टिकतो. कुंदा उकाड्यात टिकत नाही. खोलीतल्या केटलीत फक्त पाणी उकळा. तिच्यात दूध किंवा खिचडी शिजवली तर तळ करपतो आणि अनामतीतून पैसे कापतात.

प्रश्न : परतीचं विमान सिंगापूरहून आहे. वडिलांचा जर्दा बॅगेत चालेल ना? (निपाणी)

चालणार नाही. सिंगापुरात चघळायच्या तंबाखूवर, म्हणजे जर्दा, खैनी, गुटखा यांवर पूर्ण बंदी आहे. ‘थोडाच आहे’, ‘स्वतःसाठी आहे’ असं म्हणून सुटका होत नाही. मसाल्याच्या डब्यात खसखस असेल तर तीही काढा, तिच्यावरही तिथं बंदी आहे.

प्रश्न : बँकॉकला सुवर्णभूमीवर रात्री उतरून सकाळी डॉन मुआंगहून पुढं जायचं आहे. हॉटेल कुठं घ्यावं? (हुक्केरी)

डॉन मुआंगजवळ. हे दोन वेगळे विमानतळ आहेत आणि मधल्या रस्त्यावर सकाळी गाड्या खोळंबतात. म्हणून अंतर रात्रीच कापून घ्या आणि जिथून उडायचं तिथं झोपा. पुढचं तिकीट दाखवलं तर दोन्हींमध्ये फुकट बस आहे. टॅक्सी घेतलीत तर मीटर ३५ बाटपासून सुरू होतो, विमानतळाचे ५० बाट वेगळे, उंचावरच्या जलद रस्त्याचा (एक्स्प्रेसवेचा) टोल तुमच्याकडंच. थायलंडचंही डिजिटल अरायव्हल कार्ड १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे, तेही फुकट आणि आधीच्या तीन दिवसांतच भरायचं.

प्रश्न : पासपोर्टवर जन्मठिकाण जुन्या नावानं ‘बेलगाम’ आहे, आधारवर ‘बेळगावी’. हॉटेलात अडवतील का? (शहापूर, बेळगाव)

नाही. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्याआधीच्या पासपोर्टावर जुनं नाव असणारच. परदेशी हॉटेलात आधार कुणी पाहत नाही, फक्त पासपोर्ट चालतो. जपायचं ते तुमचं नाव. पासपोर्टमध्ये नावापुढं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर तिकिटावर आणि अरायव्हल कार्डावरही ते तसंच, त्याच स्पेलिंगनं लिहा.